लुमन कंपनीत युनियन का नाही?

नवी विज्ञानमालिका आली की जगभरचे प्रेक्षक तर्क लढवतात म्हणे. पिंपरी-चिंचवडमध्ये तशी सोय नाही, कारण इथे प्रेक्षकच नाहीत. इथे आहेत फिटर, टर्नर, क्वालिटी, स्टोअर, मेंटेनन्स आणि एचआर. यांच्यापुढे परग्रहावरून यान उतरवून बघा. एक जण वाकून वेल्डिंग तपासेल, दुसरा "पेंटचा थर कमी आहे" म्हणेल, तिसरा विचारेल, "केलंय कुणाकडून?" आणि चौथा उत्तराची वाट न बघता सांगेल, "भोसरीत निम्म्या पैशात झालं असतं." यानातून कोण उतरलं आणि त्याला डोळे किती होते, हे घरी गेल्यावर बायकोने विचारलं तरी यांना सांगता येणार नाही.

हे ज्ञान मला 'सेव्हरन्स' नावाच्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमुळे झालं. 17 जानेवारी 2025 ला तो सुरू झाला आणि 21 मार्चला संपला. दहा भाग, दर शुक्रवारी एक. मी चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे, म्हणजे जे घडणार नाही त्याचे तक्ते करतो. विज्ञानकथेची गोडी त्यातूनच लागली असावी. ही मालिका इतकी आवडली की ती आमच्या कंपनीच्या बसमधल्या प्रत्येकाने पाहिलीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. निगडीहून निघालेली बस स्पाइन रोड, मोशी, आळंदी फाटा करत तळेगाव चौकात अडकेपर्यंत माणसाला एक सीझन सांगून होतो. चौकातून सुटेपर्यंत दुसराही होतो.

गोष्ट अशी. लुमन नावाची कंपनी असते. तिच्या एका मजल्यावर नोकरी हवी असेल तर डोक्यात एक चिप बसवून घ्यावी लागते. सकाळी लिफ्टमधून खाली गेलं की माणूस घर, बायको, आडनाव, सगळं विसरतो. संध्याकाळी वर आला की कंपनी विसरतो. आतला तो 'इनी', बाहेरचा तो 'आउटी'. दोघांची आपापसांत ओळख नाही. आतल्याचे हाल तर विचारू नका. लिफ्टचं दार लागतं आणि लगेच उघडतं, की पुन्हा सकाळची पाळी. मालिकेचा कर्ता डॅन एरिक्सन हा लॉस एंजेलिसमध्ये दरवाजांच्या एका कंपनीत ऑफिसात कामाला होता. तिथे जाता जाता त्याच्या मनात आलं, की हे आठ तास कुणीतरी आपल्या डोक्यातून उडवून दिले तर किती बरं होईल. म्हणजे माणूस आपल्यातलाच निघाला.

"मेंदूत चिप बसवतात!" पहिल्या दिवशी मी बसमध्ये आवाज चढवून सांगितलं आणि थांबलो. अशा वेळी समोरच्याने निदान "बाप रे" म्हणायचं असतं.

"पगार किती देतात?" एकाने विचारलं.

"कँटीन फुकट का?" दुसरा.

"बस आहे की आपापल्या गाडीने जायचं?"

आपापल्या गाडीने, मी म्हणालो, आणि पाठ करून आणलेली माहिती ऐकवली. लुमनची ती इमारत खरीखुरी आहे. न्यू जर्सीत होल्मडेल गावी बेल लॅब्जची ही जुनी इमारत, एरो सारिनेन या नामांकित वास्तुकाराने बांधलेली, चहूबाजूंनी काच, आणि पुढे डोळा पोचणार नाही एवढं पार्किंग. मेंटेनन्सवाल्याने "एवढी काच पुसतो कोण?" एवढंच विचारलं. बाकीच्यांनी फक्त शेवटचा शब्द ऐकला.

"सगळ्यांना जागा मिळते पार्किंगला?" मागच्या सीटवरून प्रश्न आला.

"मिळते की."

"हां. मग आहे विज्ञानकथा."

पहिला सीझन फेब्रुवारी 2022 मध्ये आला होता. दुसऱ्याला जवळजवळ तीन वर्षं लागली. एवढी वाट का पाहावी लागली, असं कुणीतरी विचारलं तेव्हा मी जरा ओशाळूनच म्हणालो, "मधे तिकडे संप झाला ना." बसचा पुढचा भाग एकदम गप्प झाला. युनियनचे अण्णा एरवी मोशी ओलांडेपर्यंत पेपरातून डोकं काढत नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली.

"कुणाचा संप?"

"लेखकांचा. 2023 मध्ये, 2 मेपासून. 148 दिवस चालला. जुलैत नटही उतरले, त्यांचा 118 दिवस."

"लेखकांची युनियन असते?"

"तिकडे असते."

"आणि 148 दिवस फुटली नाही?"

"नाही."

अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मराठी लेखक नसणार."

अण्णांचा अधिकार मोठा आहे. 2013 च्या पावसाळ्यात बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातला संप पन्नास दिवस चालला आणि कामगारांनी चक्क कंपनीचे शेअर मागितले, तो काळ त्यांनी जवळून पाहिलेला. 1989 च्या टेल्कोच्या संपाबद्दल तर ते असे बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण पानिपतच ऐकतोय. त्यांनी मागण्या विचारल्या. यंत्राकडून लिहून घेऊन आमचं काम काढू नका, आणि मालिका पुन्हा पुन्हा दाखवता त्याचेही पैसे द्या, असं काहीसं मी सांगितलं. "रास्त आहे," अण्णा म्हणाले आणि त्याच आठवड्यात मुलाकडून महिना 99 रुपये भरायला लावून दोन्ही सीझन पाहू लागले. त्यांना चिपेत रस नव्हता. ते युनियन शोधत होते.

"दोन सीझन झाले, साहेब," त्यांनी मला निकाल सांगितला, "आणि एक मागणीपत्र नाही."

"अण्णा, तिथली चार माणसं सुटायला बघतायत."

"सुटून काय मिळतं? आधी मान्यता घ्यायची. मग कँटीन, मग बोनस. चिप काढायचा विषय करारात तिसऱ्या वर्षी."

दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात लुमनचे साहेब लोक कामगारांना एक कार्टून दाखवतात. कंपनी आता सुधारली आहे, तुमचं ऐकते आहे, असा त्याचा मजकूर. त्यातल्या बोलत्या इमारतीला आवाज किआनू रीव्ज या बड्या नटाचा. मला तो प्रसंग भयंकर वाटला होता. अण्णांना ओळखीचा वाटला. "पिक्चर दाखवला की समजायचं, करार लांबणार."

यानंतर मालिका आमच्या बसमध्ये पसरली खरी, पण प्रत्येकाने ती आपापल्या खात्याच्या दारातून पाहिली. सेफ्टीवाल्यांना त्या लांबच लांब पांढऱ्या गल्ल्या बघून झोप लागेना. नायक मार्क त्यातून जिवाच्या आकांताने पळतो, तो म्हणे विज्ञानकथेतला अजरामर प्रसंग. "पळतोय ठीक आहे," सेफ्टीवाले म्हणाले, "पण बाण कुठे आहेत? असेंब्ली पॉइंट कुठे? फायर ड्रिल एकदाही दाखवली नाही. वर्षातून दोनदा तरी व्हायला हवी." मार्क हरवलेल्या बायकोला शोधत होता, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "म्हणूनच मस्टर पाहिजे," ते म्हणाले.

क्वालिटीच्या मॅडम कामाच्या पद्धतीवर घसरल्या. लुमनच्या त्या खात्यात पडद्यावर नुसते आकडे तरंगत असतात. त्यातले जे आकडे पाहून भीती वाटेल ते गोळा करून खालच्या डब्यात टाकायचे, एवढंच काम. आकड्यांचा अर्थ काय हे करणाऱ्यालाही ठाऊक नाही. मला यात परकं असं काही दिसलं नव्हतं, मी रोज हेच करतो. मॅडमना मात्र ते सहन झालं नाही. "भीती वाटली, म्हणून रिजेक्ट? गेज नाही, ड्रॉइंग नाही, दोन ऑपरेटरची भीती सारखीच निघते का याचा अभ्यास नाही! आमच्या कस्टमरने हे बघितलं ना, तर लाइन बंद करतील." त्यावर टूलरूमचे जुने टर्नर, जे निवृत्तीला आले आहेत आणि म्हणून खरं बोलतात, ते म्हणाले, "मॅडम, टूल गेलंय हे मला आवाजावरून कळतं. गेज तुम्ही नंतर लावता." हा वाद लुमनचा नव्हता, निदान वीस वर्षांपूर्वीचा होता. पण नवा सीझन आल्यामुळे त्याला नवा भाग मिळाला.

आणि मग शेळ्या. लुमनमध्ये एका दालनात हिरवळ आहे, तिच्यावर शेळ्या चरतात आणि त्यांना सांभाळणारी माणसं आगंतुकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघतात. ऑफिसच्या मजल्यावर शेळ्या कशाला, या एका प्रश्नावर जगभरच्या बुद्धिमान लोकांनी रात्री जागवल्या. आमच्या स्टोअरच्या काकांनी जागवली ती वेगळ्या कारणाने.

"कुठल्या गेटने आत आल्या?"

"ते दाखवलेलं नाही, काका."

"बघा! चलन नाही, इनवर्ड नाही. आणि शेळी धरायची कशात? कन्झ्युमेबल की कॅपिटल? व्याली तर स्टॉक वाढला, तो कुणाच्या नावे टाकायचा? मार्चमध्ये स्टॉकटेकिंगला मोजायला कोण जाणार?" मी जाणार, हे त्यांनी मनातल्या मनात ठरवलेलंही मला दिसलं.

मागच्या सीटवर खेड तालुक्यातला एक ऑपरेटर होता. चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो, तिथे त्याच्या वडिलांची ऊठबस. त्याने मोबाइल मागितला, चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं आणि प्रत्येक शेळीची किंमत सांगितली. एक आजारी आहे, हेही सांगितलं.

शेवटच्या भागात तर एक शेळी बळी द्यायला काढतात. जगाला कोडं पडलं. भोसरीत नाही पडलं. माझा एक मेहुणा तिथे छोट्या प्रेस शॉपमध्ये आहे. तो म्हणाला, "दाजी, त्यात न कळण्यासारखं काय? मोठं मशिन लागलंय, दुसरं काय. आमचे जुने मालक खंडेनवमीला बोकड दिल्याशिवाय प्रेस चालू करू देत नव्हते. नवीन मालक शिकलेले आहेत, ते कोहळ्यावर भागवतात." हाच मेहुणा दर शुक्रवारी संतापलेला असे. भोसरीच्या एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी सुट्टी गुरुवारची, आणि नवा भाग यायचा शुक्रवारी. "मुद्दाम करतात," तो म्हणायचा. "सुट्टी संपल्यावर टाकायचं. मॅनेजमेंट कुठलीही असो."

हिंजवडीचा एक भाचा आहे. त्याच्या मते ही मालिका आयटीवाल्यांची आहे आणि चाकणवाल्यांचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. एका रविवारी जेवताना यावर आमचं वाजलं. तो म्हणाला, स्क्रीनपुढे बसून निरर्थक आकडे हलवणं ही आमची वेदना आहे, मामा. मी म्हणालो, लेका, तुला घरून काम करायला मिळतं, तुझी लिफ्ट म्हणजे पलंगावरून खुर्ची. तो म्हणाला, तेच तर, मला लिफ्टसुद्धा नाही, बदल होतो कधी तेच कळत नाही. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी वय काढलं.

या सगळ्या गदारोळात एका माणसाला मालिका मनापासून आवडली. आमच्याकडे ठेकेदारीवर असलेला लातूरकडचा एक मुलगा आहे, महाळुंग्यात एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो. त्याने मोबाइलवर सगळं पाहिलं. दुसरा सीझन सुरू होतो तेव्हा, मधे पाच महिने गेले असं कामगारांना सांगतात आणि मार्कला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवतात. पोराच्या डोळ्यात चमक आली. "सर, ब्रेक दिला आणि परत त्याच खात्यात घेतलं? तोच बॅच नंबर? आमच्यात ब्रेकनंतर ठेकेदारसुद्धा बदलतो." लुमनमध्ये बक्षीस म्हणून कलिंगड-खरबुजाची पार्टी देतात, अंडी खायला घालतात, बोटांत अडकवायचं खेळणं देतात, एकदा तर बाजा लावून साहेब स्वतः नाचतो. हे सगळं समीक्षकांच्या मते माणसाच्या अवमूल्यनाचं भेदक चित्रण आहे. पोरगा म्हणाला, "आम्हाला दिवाळीला मिठाईचा अर्धा किलोचा डबा. पर्मनंटवाल्यांना एक किलो." मग हळूच विचारलं, "भरती निघते का हो तिथं?"

एचआरच्या मॅडम बसमध्ये असतात, पण कशावर काही बोलत नाहीत. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. दोनदाच त्या हलल्या. लुमनचे लोक टीम-बिल्डिंगसाठी कामगारांना बर्फाळ रानात नेऊन सोडतात, तो भाग. थंडीने काकडत ती माणसं बर्फात उभी असतात, रात्री शेकोटीपाशी संस्थापकाच्या चरित्राचं वाचन होतं, आणि शेवटी एकाला एकीचं डोकं पाण्यात बुडवावं लागतं. आमची मंडळी गेल्या वर्षी पवना धरणाकाठी अशाच कामासाठी गेली होती. "निदान त्यांना तिथे पीपीटी दाखवलं नाही," असं कुणीतरी म्हणालं आणि मॅडमनी खिडकीची काच सरकवली. दुसऱ्यांदा हलल्या त्या मिल्चिकच्या अप्रेझलला. मिल्चिक हा लुमनचा मधल्या फळीतला साहेब, कामात वाघ. त्याच्यावरचे ठपके बघा: तो मोठमोठे शब्द वापरतो, आणि कागदांना क्लिप उलटी लावतो. बिचारा आरशापुढे उभा राहून आपलं वाक्य कापत कापत एका शब्दावर आणतो. आमच्याकडे याच्या उलट आहे. माणूस वर चढला की "माल गेला नाही" याचं "डिस्पॅच बॅकलॉगचा रूट कॉज अलाइन करावा लागेल" होतं. पण क्लिपवर मात्र बस हळहळली. मार्च तोंडावर होता, आणि आपली क्लिप कुठल्या बाजूने लागते, हे ज्याचं त्याला आठवत होतं.

शेवटचा भाग 21 मार्चला आला. गाड्यांच्या धंद्यात ही तारीख म्हणजे काय, ते ज्याने मार्चएंड भोगलाय त्यालाच कळेल. वर्षभरात न गेलेला माल शेवटच्या दहा दिवसांत जातो. निदान कागदावर तरी जातो. शेवट बघायला सव्वा तास कुठून आणायचा? मी ठरवलं, 1 एप्रिलला शांतपणे बघायचा, आणि तोवर शेवट कुणाकडूनही ऐकायचा नाही. झालं, सगळी बस माझ्यावर उठली. स्टोअरचे काका शेळीबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडत, मी कानात हेडफोन घालत असे. मेहुण्याचा फोन आला की सायलेंट. क्वालिटीच्या मॅडमनी मेलच्या विषयात 'कोल्ड हार्बर' असं त्या भागाचं नावच घातलं, मी तो मेल न वाचता ठेवला. त्यात ग्राहकाची तक्रार होती, हे पुढे मोठ्या साहेबांकडून कळलं. कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. लोकांना वाटलं माझी बदली होणार.

इतकं करून शेवट सांगितला तो बसच्या ड्रायव्हरमामांनी. मामांनी मालिकेचा एक भाग पाहिलेला नाही. पण फर्स्ट, जनरल आणि सेकंड अशा तिन्ही पाळ्यांना आणताना-नेताना आरशातून ऐकून ऐकून त्यांना ती आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. चिंबळी फाट्यापाशी एक कंटेनर आडवा झाला होता. मामांनी इंजिन बंद केलं, मागे वळले आणि सहज म्हणाले, "काय पण माणूस म्हणायचा तो मार्क! बायकोला बाहेर काढलं, आणि स्वतः दुसरीचा हात धरून परत आत पळाला!"

बसमध्ये कुणी श्वास घेईना. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला एक सांगा, साहेब," मामांचं चालूच होतं, "वर आउटी, खाली इनी, हे कळलं. पण लिफ्ट मधेच बंद पडली तर? लाइट गेली, दोन तास अडकला. तेव्हा तो कोण?"

असा प्रश्न लुमनच्या मालकांनाही पडला नसेल. अण्णा म्हणाले, त्या दोन तासांचा ओव्हरटाइम धरायला पाहिजे. सेफ्टीवाले म्हणाले, लिफ्टमध्ये फोन असायला हवा. टर्नर म्हणाले, "मधल्या मधे म्हणजे आपण आत्ता आहोत तसा." बाहेर कंटेनरवाला आणि एक टेम्पोवाला एकमेकांच्या आईवडिलांची चौकशी करत होते. मी मामांवर चिडायचं विसरून गेलो, इतका तो प्रश्न डोक्यात बसला.

(शेवट तर वरच फुटला, आता इशारा देऊन उपयोग नाही. ज्यांना तो माहीत नव्हता त्यांनी मामांना बोल लावावा.)

घरी या शेवटावरून जे झालं ते बसमधल्यापेक्षा गंभीर होतं. आमच्या सोसायटीच्या भिशीत तो विषय निघाला. लग्नाची बायको जेमा जिन्याच्या दारात उभी राहून हाका मारते आहे आणि हा तिच्याकडे पाठ करून निघून जातो, यावर पोहे गार झाले. बँकेतल्या एका वहिनींनी बाजू मांडली, की तसं पाहिलं तर लग्न आउटीचं झालं आहे, इनी अविवाहितच आहे, त्याने जेमाला कधी बायको म्हणून पाहिलेलंच नाही. मुद्दा कायद्याला धरून होता. पण आमच्या सौ.ने माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे तुम्ही रोज गेटवर कार्ड दाखवलं की अविवाहित?"

अशा प्रश्नाला उत्तर नसतं. असलं तरी देत नसतात.

"तसं तुमच्या डोक्यात चिप आहेच," ती पुढे म्हणाली. "फक्त उलटी बसवलीय. कंपनीत असताना फ्लॅटचा हप्ता आठवतो आणि घरी आलात की डिस्पॅच. रात्री झोपेत कुणाला तरी 'उद्या सकाळी पोचतंय' म्हणून सांगत असता." भिशीच्या बायका हसल्या. त्यातल्या निम्म्यांचे नवरे चाकणला आहेत, निम्म्यांचे तळवड्यात, त्यामुळे त्या जरा जास्तच हसल्या.

आमच्याच जिन्यात एक काका राहतात, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त. तरुणपण एच.ए. कॉलनीत गेलेलं. विज्ञानमालिका त्यांना नवीन नाहीत. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची तेव्हा शेजारची पोरं त्यांच्या घरी सतरंजीवर बसून ती बघायची. मग 'स्पेस सिटी सिग्मा' आली, मग 1998 मध्ये मिलिंद सोमणची 'कॅप्टन व्योम'. इनी-आउटीची कल्पना ऐकून ते म्हणाले, "यात नवं काय? आपल्या नारळीकरांनी 1974 सालीच केलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. बाहेर खगोलशास्त्रज्ञ, आत जगताप. बक्षीस मिळालं जगतापांना." त्यांचं हे उदाहरण तंतोतंत बसत नाही, पण बसतं त्यापेक्षा चांगलं आहे.

काकांनी माझ्याकडून दोन्ही सीझन ऐकून घेतले. बघायला डोळे चालत नाहीत, म्हणून ऐकून. शेळ्या, बर्फ, क्लिपा, लग्न, सगळं ऐकलं. अण्णांचा युनियनचा मुद्दा त्यांना पटला. पण अगदी पहिल्या संध्याकाळी त्यांनी जो प्रश्न विचारला, तोच शेवटच्या संध्याकाळीही विचारला.

"पण कंपनी बनवते काय?"

"तेच तर गूढ आहे, काका."

"आमची कंपनी 1954 ला निघाली. पहिल्या दिवसापासून शिपायालासुद्धा माहीत होतं, आपण पेनिसिलिन बनवतो. यांचे दोन सीझन झाले, माणसांच्या डोक्यात चिपा बसवल्या, शेळ्या पाळल्या, आणि प्रॉडक्ट काय ते सांगता येत नाही?"

मी त्यांना समजावलं, की शेवटी शेवटी थोडं उघड होतं, त्या आकड्यांतून म्हणे माणसाचे भावविशेष घडवतात, प्रत्येक फाइल म्हणजे जेमाचा एक नवा इनी, वगैरे. काकांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "विकतात कुणाला?"

तिसऱ्या सीझनची घोषणा दुसरा संपला त्याच दिवशी झालेली आहे. अण्णांनी मागणीपत्राचा मसुदा तयार ठेवला आहे, स्टोअरच्या काकांनी शेळ्यांसाठी वेगळं रजिस्टर घातलं आहे, मामा तिन्ही पाळ्या करतच आहेत. तुमच्यापैकी कुणी मालिका नीट पाहिली असेल आणि लुमन कंपनी नेमकं काय बनवते नि कुणाला विकते हे समजलं असेल, तर निगडी प्राधिकरणात येऊन आमच्या काकांना सांगून जा. संध्याकाळी पाचनंतर ते घरीच असतात. मला विचारू नका, माझं डिस्पॅच राहिलंय.